साथ आणि वादळ एकाच दिवशी येते तेव्हा : राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
मंत्रालय, मुंबई.

विषय : महासाथीच्या काळात पूर, वादळ, दरड आणि भूकंप यांना तोंड देण्याची तयारी जिल्हा व गाव आराखड्यांत आत्ताच लिहून ठेवण्याबाबत.

महोदय,

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. धरणांचे साठे, बोटी, पंप, धोकादायक इमारती, दरडप्रवण गावांच्या याद्या असे विषय तिथे निघतात, आणि ते निघालेच पाहिजेत. माझी विनंती अशी की येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणखी एक विषय घ्यावा. तो म्हणजे, एखादी साथ पसरलेली असतानाच नैसर्गिक आपत्ती कोसळली तर गावपातळीवर कोणी, कुठे आणि कशाच्या आधारावर काम करायचे. हा प्रश्न कल्पनेतला नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महाराष्ट्राने तो पुन्हा पुन्हा सोसला आहे. मी रायगड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेचा तेव्हाचा मुख्याध्यापक. आता निवृत्त आहे. तज्ज्ञ म्हणून मी लिहीत नाही. आपले आदेश शेवटी ज्यांच्या दारात येऊन थांबतात, अशांपैकी एक म्हणून लिहीत आहे.

त्या दोन वर्षांचा क्रम एकदा डोळ्यांसमोर आणावा. टाळेबंदी शिथिल करण्याचा पहिला टप्पा, ‘मिशन बिगिन अगेन’, ज्या दिवशी सुरू व्हायचा होता, त्याच ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेले पाणी वैनगंगेला आले, गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतली गावे पाण्यात गेली. शेजारच्या नागपुरात तेव्हा कोरोनाचे रुग्ण झपाट्याने वाढत होते आणि खाटा मिळेनाशा झाल्या होत्या. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्रीच्या पाण्याने महाड आणि वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूण बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली, आणि कोल्हापूर-सांगलीला दोन वर्षांत दुसऱ्यांदा महापूर आला. त्या जुलैतल्या पावसाने राज्यात दोनशेहून अधिक माणसे दगावली. यातले बहुतेक जिल्हे असे होते की राज्यात इतरत्र दुसरी लाट ओसरली तरी तिथला बाधितांचा दर खाली यायला तयार नव्हता.

याचा अर्थ असा की साथ आणि आपत्ती एकत्र येणे हा अपवाद समजून चालणार नाही. साथ दीड-दोन वर्षे टिकते आणि पावसाळा दरवर्षी येतो. मग त्यांची गाठ पडणारच. आपल्या राज्याच्या इतिहासातही हे नवे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्यात दुष्काळ पडला. १९००च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांवर आणि छावण्यांवर माणसे जगवण्यासाठी गोळा केली गेली, आणि तिथेच पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, थैमान घातले. मदतीसाठी माणसे एकत्र आणावी लागतात, आणि माणसे एकत्र आली की साथ वाढते, ही अडचण तेव्हाच्या प्रशासनाला सोडवता आली नव्हती. सव्वाशे वर्षांनी आपल्याकडे उपग्रह आहेत, रडार आहेत, लस आहे. तरीही ३ जूनच्या सकाळी आमच्यापुढे अडचण तीच होती.

या अडचणीचे मूळ मला ज्या ठिकाणी दिसते ते आधी सांगतो. २४ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी जाहीर झाली ती आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याच कायद्याखाली. पूर आणि वादळासाठी जो कायदा, जे प्राधिकरण, जे जिल्हाधिकारी, तेच साथीसाठीही होते. राष्ट्रीय प्राधिकरणाने जैविक आपत्तींबाबतच्या मार्गदर्शक सूचना २००८ मध्येच काढल्या होत्या. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दोन्ही संकटे एकाच छताखाली होती. प्रत्यक्षात मात्र त्यांची कागदपत्रे दोन वेगळ्या कपाटांत राहिली. साथीचे आदेश आरोग्य खात्याकडून येत, वादळाचे महसूल खात्याकडून, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ घालण्याचे काम तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई आणि शाळामास्तर यांच्यावर येऊन पडे. मंत्रालयात जी दोन खाती आहेत, ती गावात एकाच माणसाच्या अंगावर येतात.

आमच्या शाळेचेच उदाहरण देतो, कारण निवाऱ्याचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी गावी परतू लागले तेव्हा त्यांच्या विलगीकरणासाठी शाळा ताब्यात घेतली गेली. ते योग्यच होते. गावात दुसरी मोठी पक्की इमारत नव्हती. २ जूनला दुपारी आदेश आला की कच्च्या घरांतल्या आणि समुद्रालगतच्या सर्व कुटुंबांना सुरक्षित पक्क्या इमारतीत हलवावे. आराखड्यातली ती पक्की इमारत म्हणजे आमची शाळाच. एका खात्याच्या कागदावर ती विलगीकरण केंद्र होती, दुसऱ्याच्या कागदावर निवारा केंद्र, आणि दोन्ही कागद खरे होते. साथीसाठी गावात नेमलेल्या ग्रामकृती दलाने दोन वर्ग चाकरमान्यांकडे राहू दिले, मधला एक वर्ग मोकळा ठेवला आणि पलीकडच्या तीन वर्गांत कोळीवाड्यातली माणसे आणली. शौचालये दोन होती, ती एकेक वाटून दिली. हातपंप एकच होता. त्याच्या दांड्याला साबणाचे पाणी लावायला एका मुलाला बसवले. ३ तारखेला दुपारी वारा चढला तशी पश्चिमेकडच्या वर्गांवरची कौले उडू लागली, मग वासे हलू लागले, आणि त्या वर्गांतली म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया यांना आम्ही मधल्या वर्गात ओढून आणले. पुढच्या तासाभरात तोही भिजू लागला, तेव्हा चाकरमान्यांनी स्वतः दार उघडून लहान मुलांना आपल्या वर्गात घेतले. साथीसाठी ठेवलेले अंतर वाऱ्यापुढे टिकले नाही, आणि त्या घटकेला कोणाच्याही मनात ते टिकवावे असे आले नाही. जीव वाचवण्याचा क्रम माणसांनी आपोआप लावला. तो क्रम आधीच ठरलेला असता, दुसरी एखादी इमारत नेमून दिलेली असती, तर तो प्रसंग आला नसता.

निवाऱ्याचे गणित फार अवघड नाही. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या किमान निकषांनुसार मदत छावणीत माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा हवी. वीस बाय चोवीस फुटांच्या वर्गखोलीत या हिशोबाने बारा माणसे बसतात. एरवीच्या पुरातसुद्धा आपण अशा खोलीत तीस-चाळीस माणसे ठेवतो. साथीत कुटुंबाकुटुंबांत अंतर ठेवायचे, ताप असलेल्यांना वेगळे ठेवायचे, विलगीकरणातल्यांना तिसरीकडे ठेवायचे म्हटले की जागा किमान दुपटीने लागते. म्हणजे ज्या गावाच्या आराखड्यात आज एक निवारा लिहिला आहे, तिथे साथीच्या वर्षासाठी दुसरा आणि तिसरा लिहिलेला हवा. २०२०च्या मे महिन्यात अम्फान वादळ आले तेव्हा बांगलादेशाने आपल्या मूळच्या चार हजारांच्या आसपास निवाऱ्यांत दहा हजारांहून अधिक जागांची भर घातली आणि वीस लाखांहून जास्त माणसे हलवली. यातल्या बऱ्याचशा जागा शाळा-महाविद्यालयांच्याच होत्या. चक्रीवादळांच्या तयारीत देशात सर्वांत पुढे असलेल्या ओडिशातही त्या वेळी वादळासाठी बांधलेल्या निवाऱ्यांपैकी दोनशेहून अधिक विलगीकरणासाठी गुंतलेले होते. तेव्हा ही अडचण केवळ कोकणातल्या एखाद्या गावाची नव्हे. पण ज्यांच्याकडे इमारतींची यादी तयार होती, त्यांना पर्याय शोधायला दोन दिवस पुरले. निसर्गच्या वेळी आपल्याकडेही हवामान खात्याने जवळपास तेवढीच पूर्वसूचना दिली होती. वेळ होता, यादी नव्हती.

म्हणून माझी पहिली मागणी अशी. प्रत्येक किनारी, पूरप्रवण आणि दरडप्रवण गावासाठी पर्यायी निवाऱ्यांची यादी करावी. शाळेखेरीज मंगल कार्यालये, सहकारी संस्थांची गोदामे, देवस्थानांचे सभामंडप, महाविद्यालये, बंद पडलेली वसतिगृहे यांचा त्यात विचार व्हावा, छप्पर आणि शौचालये बांधकाम खात्याकडून तपासून घ्यावीत, मालकांशी करार आधीच व्हावेत. आणि जून ते ऑक्टोबर या काळात आराखड्यातली निवाऱ्याची इमारत दुसऱ्या कोणत्याही कामासाठी, विलगीकरणासाठीसुद्धा, जिल्हाधिकाऱ्यांच्या लेखी पर्यायाशिवाय घेऊ नये. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पासारख्या योजनांतून किनाऱ्यावर जे बहुउद्देशीय निवारे बांधले जातात, त्यांच्या नकाशात दोन स्वतंत्र प्रवेशद्वारे आणि स्वच्छतागृहांचे दोन संच असावेत. बांधतानाच हे केले तर खर्च थोडा वाढतो. नंतर भिंती फोडून करायचे तर कोणी करत नाही.

माणसांच्या बाबतीत परिस्थिती आणखी नाजूक होती. अम्फानच्या बचावकार्यासाठी पश्चिम बंगालमध्ये गेलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवळपास पन्नास जवान परतल्यावर बाधित निघाले. प्रशिक्षित, साधनसज्ज दलाची ही गत झाली, तर गावातल्या होड्यावाल्यांची आणि तरुण मंडळातल्या मुलांची काय होणार? महाराष्ट्रासाठी राष्ट्रीय दलाचा तळ पुण्याजवळ आहे आणि राज्याच्या दलाचे तळ धुळे व नागपूर येथे. घाट बंद झाला की यांतले कोणीही कोकणात वेळेवर पोहोचू शकत नाही. जुलै २०२१ मध्ये तळियेत दरड कोसळल्यावर आधी धावले ते आजूबाजूच्या वाड्यांवरचे लोक. बाहेरची पथके दुसऱ्या दिवशी पोहोचली. पहिले काही तास गावाचेच असतात, हे गृहीत धरून आखणी व्हायला हवी. आपदा मित्र योजनेत प्रशिक्षित केलेल्या स्वयंसेवकांना साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने आणि त्यांच्याच वेळी लस, मुखपट्ट्या आणि विमा मिळावा. त्यांच्यातला एक गट साथीच्या कामापासून मुद्दाम दूर ठेवावा, म्हणजे आपत्ती आली त्या दिवशी निदान काही माणसे विलगीकरणाबाहेर आणि ताजी असतील.

आशाताईंविषयी वेगळे लिहिलेच पाहिजे. आमच्या भागात घरोघरी जाऊन ताप मोजणारी तीच, विलगीकरणातल्यांना हाक मारणारी तीच, वादळाच्या आदल्या दिवशी गरोदर बायांना उपकेंद्रात पोहोचवणारी तीच, आणि वादळानंतर पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकत फिरणारीही तीच. तिच्या स्वतःच्या घरावरचे पत्रे उडालेले होते. दोन आपत्तींचे काम एकाच बाईवर टाकायचे असेल तर तिला दोन्ही कामांचे पैसे मिळाले पाहिजेत, आणि आपत्तीच्या आठवड्यात तिच्याकडून साथीचे रोजचे तक्ते मागणे थांबवले पाहिजे. यासाठी निधीची वाट पाहावी लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

आता रुग्णालयांकडे येतो. निसर्गच्या वेळी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर उभारलेल्या केंद्रातून रुग्ण हलवावे लागले. वर्षभराने तौक्तेच्या वेळी दहिसर, वांद्रे-कुर्ला संकुल आणि मुलुंड इथल्या केंद्रांतून ५८० रुग्ण एका रात्रीत दुसरीकडे नेले गेले. ते नीट पार पडले आणि त्याचे श्रेय महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना आहे. पण समुद्रकाठच्या शहरात पावसाळ्यापूर्वी तंबूवजा रुग्णालये उभी करायची तर ती रिकामी करण्याचा आराखडा उभारणीच्या दिवशीच तयार हवा. मुंबईकडे हाताशी इतर रुग्णालये, रुग्णवाहिका आणि माणसे होती. चिपळूणकडे ती नव्हती. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणमधल्या एका कोविड रुग्णालयात पाणी शिरले, वीज गेली, आणि आठ रुग्ण दगावल्याच्या बातमीने त्या आठवड्यात कोकणातले प्रत्येक घर हादरले. कोणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. मला विचारायचे आहे ते इतकेच की जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतो, तिथल्या घरांच्या बांधकामांवर त्यावरून निर्बंध येतात. मग कृत्रिम श्वासावर रुग्ण ठेवणाऱ्या रुग्णालयाला परवानगी देताना तीच रेषा का पाहिली जात नाही? अतिदक्षता विभाग वरच्या मजल्यावर असणे, जनित्र आणि प्राणवायूची जोडणी पूररेषेच्या वर असणे, या साध्या अटी आहेत. त्या रुग्णालय नोंदणीच्या नूतनीकरणात घालता येतील.

प्राणवायूचाही असाच विचार व्हावा. तौक्तेच्या वेळी जामनगरहून येणाऱ्या पुरवठ्याची चिंता साऱ्या राज्याला लागली होती. कारखाने एका किनाऱ्यावर, रुग्ण दुसऱ्या टोकाला, आणि मधला रस्ता वादळाच्या वाटेवर. कोल्हापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जातो हे आपण २०१९ मध्येही पाहिले आणि २०२१ मध्येही. साथ चालू असताना असा रस्ता तीन-चार दिवस बंद राहिला तर पलीकडच्या रुग्णालयांत किती दिवसांचा साठा असला पाहिजे, हा आकडा प्रत्येक जिल्ह्याच्या आराखड्यात लिहिलेला असावा.

पूर ओसरला म्हणजे साथीपुरती बाब संपली असे होत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने बळी घेतले, हे आपल्याला ठाऊक आहे. चिखलातून अनवाणी चाललेल्या माणसाला ताप येतो, अंग दुखते, डोके ठणकते. कोरोनातही ताप येतो आणि अंग दुखते. साथीच्या काळात तापाची माणसे दवाखान्यात जायला घाबरत होती, कारण तपासणी झाली की घर सोडून चौदा दिवस बाहेर राहावे लागेल अशी भीती होती, आणि वादळात मोडलेले घर उघडे टाकून जायला कोण तयार होणार? लेप्टोवरची औषधे साधी आणि स्वस्त आहेत, पण ती वेळेवर पोटात जावी लागतात. म्हणून पूरग्रस्त भागातल्या प्रत्येक तापरुग्णाची दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, एकाच जागी तपासणी व्हावी, लेप्टोचे उपचार अहवालाची वाट न पाहता वैद्यकीय सल्ल्याने सुरू व्हावेत, आणि त्यासाठीची औषधे जूनपूर्वीच उपकेंद्रांत पोहोचावीत.

पैशाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गावातल्या माणसाला त्याची झळ सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त काळ लागते. मार्च २०२० मध्ये केंद्राने कोरोनाला अधिसूचित आपत्ती मानून राज्य आपत्ती प्रतिसाद निधी साथीसाठी वापरायला परवानगी दिली. सप्टेंबर २०२० मध्ये या वापराची मर्यादा ३५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेली. साथीसाठी पैसा हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या निधीतून पूरग्रस्तांना घर आणि पिकाची मदत जाते, त्याच निधीचा निम्मा भाग साथीकडे वळू शकतो अशी तरतूद झाली, तेव्हा त्याच वर्षी आलेल्या वादळासाठी वेगळी सोय करायला हवी होती. निसर्गनंतर राज्याने नियमांच्या वर जाऊन मदत वाढवली, पूर्ण पडलेल्या घरासाठी दीड लाख रुपये दिले, याची आम्हाला जाणीव आहे. तरी तो निर्णय प्रसंगापुरता होता. साथ आणि आपत्ती एकत्र आल्यास मदतीचा दर काय असेल हे कायमस्वरूपी ठरलेले नाही.

याच संदर्भात मदतीच्या वर्गीकरणाचा एक प्रश्न प्राधिकरणाने निकालात काढावा. नैसर्गिक आपत्तीतल्या मृत्यूसाठी वारसांना चार लाख रुपये मिळतात. कोरोनाने झालेल्या मृत्यूसाठी, सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१च्या निर्देशानंतर, पन्नास हजार रुपये ठरले. मग पुरामुळे वीज गेली, श्वासयंत्र बंद पडले आणि कोरोनाचा रुग्ण दगावला, तर तो मृत्यू कशाने झाला असे लिहायचे? हा प्रश्न शोकात बुडालेल्या कुटुंबाने तहसील कचेरीत उभे राहून सोडवायचा नसतो. असा मृत्यू नैसर्गिक आपत्तीतलाच धरावा, असा स्पष्ट नियम व्हावा.

पंचनाम्यांची गोष्टही तशीच. वादळानंतर नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या बागांत पिकते त्या गुंठ्यांत मोजायच्या, त्यांची मदत हेक्टरी दराने काढली गेली, आणि झाड उभे करायला आठ-दहा वर्षे लागतात हे त्या हिशोबात कुठे बसत नव्हते. त्यात तलाठी आणि कृषी सहायक प्रतिबंधित क्षेत्रात शिरू शकत नव्हते, कुटुंबे घराबाहेर पडू शकत नव्हती, आणि फोटो काढून पाठवावा तर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज आणि मोबाइलचे मनोरे बंद होते. दुरुस्तीसाठी पत्रे आणि ताडपत्री मिळत नव्हती, मिळाली तर चढ्या दराने. गवंडी आणि सुतार परप्रांतातले. ते मे महिन्यातच श्रमिक गाड्यांनी गावी गेले होते. मुंबईतले नातेवाईक मदत घेऊन यायला निघाले तर जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागत होता. यातली प्रत्येक बंदी आपल्या जागी योग्य असेलही. पण वादळ आल्यावर कोणत्या बंद्या आपोआप सैल होणार, हे ठरवलेले नसल्याने प्रत्येक ट्रकमागे एकेक विनवणी करावी लागली. आपत्तीग्रस्त तालुका जाहीर होताच बांधकाम साहित्य, वीज कर्मचारी, छपरे घालणारे कारागीर आणि नोंदणीकृत मदत संस्था यांना पास न मागता प्रवेश, आणि पंचनाम्यासाठी सरपंच व दोन शेजाऱ्यांच्या सहीचे घोषणापत्र ग्राह्य, इतके दोन नियम जरी आधी करून ठेवले तरी फार मोठा भार हलका होईल.

शेवटचा मुद्दा सूचनांच्या भाषेचा. साथीत आपण लोकांना महिनोन्महिने सांगितले, घरात राहा. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसत आहेत. तिथल्या माणसाला दुसरी सूचना अशी आहे की धक्का बसताच घराबाहेर या. वादळात सांगतो, घर सोडून निवाऱ्यात या. दोन सूचना एकमेकींना छेदतात तेव्हा माणूस ज्याची भीती जास्त, ती सूचना पाळतो, आणि २०२० मध्ये आमच्याकडच्या काही कुटुंबांनी शाळेत येण्यापेक्षा कच्च्या घरातच थांबणे पसंत केले ते याच भीतीमुळे. अशा वेळी लोकांना क्रम सांगायला हवा: आधी वाऱ्या-पाण्यापासून जीव, मग साथीपासून काळजी, आणि ती काळजी निवाऱ्यात कशी घेतली जाईल. हे वाक्य जिल्हाधिकाऱ्यांनी, आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि गावातल्या डॉक्टरने एकाच शब्दांत सांगितले तरच त्यावर विश्वास बसतो. कोळी, आगरी, कातकरी, वारली वस्त्यांत ते त्यांच्या बोलीत पोहोचले पाहिजे.

राज्याचा आणि जिल्ह्यांचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करावा असे २००५चा कायदाच सांगतो. तेव्हा यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी समिती लागत नाही. येत्या आढाव्यात प्रत्येक जिल्ह्याला साथीच्या काळातील आपत्तीचे स्वतंत्र प्रकरण जोडायला सांगावे, त्यात वर लिहिलेल्या बाबी, म्हणजे पर्यायी निवारे, राखीव स्वयंसेवक, पूररेषेवरची रुग्णालये, प्राणवायूचा साठा, तापाची तपासणी, मदतीचे नियम आणि सूचनांचा क्रम, नाव-पत्त्यांसह असाव्यात. आणि ते प्रकरण जिल्ह्याच्या संकेतस्थळावर पडून राहू नये. प्रत्येक गावापुरते त्याचे एक पान, पर्यायी निवाऱ्याच्या इमारतीचे नाव आणि किल्ली कोणाकडे आहे यासह, ३१ मेपूर्वी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे, आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. कोरोनाची जागतिक आणीबाणी मे २०२३ मध्ये संपल्याचे जाहीर झाले. त्या काळात ही कामे केलेले तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका, आशाताई यांच्यातले पुष्कळ जण अजून सेवेत आहेत, आणि कुठे काय अडले हे त्यांना तोंडपाठ आहे. हे प्रकरण लिहिताना त्यांना प्रत्येक जिल्ह्यात बोलावून घ्यावे. आमच्या तालुक्यातून कोणी हवे असल्यास मी स्वतः आणि माझे तेव्हाचे सहकारी यायला तयार आहोत.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापक,
श्रीवर्धन तालुका, जि. रायगड